सर्व सभासदांकडे फोन आहे

आमच्या कार्यालयात मास्तरांना चहा विचारायचीही लोकांना धास्ती वाटायची. "अर्धा कप देऊ की पूर्ण?" असं शिपायाने विचारलं की ते चष्म्यावरून बघायचे आणि म्हणायचे, "म्हणजे मी चहा घेणार हे तू धरूनच चाललास." शिपाई कप तिथेच ठेवून सटकायचा. मास्तर मग तो कप शेवटच्या घोटापर्यंत प्यायचे, आणि वर साखर कमी आहे म्हणायचे.

मी त्यांच्याबरोबर अकरा वर्षं काढली. माझं टेबल दाराशी, आवक-जावकचं. बाहेरून येणारा प्रत्येक कागद माझ्या हातून आत जातो. त्यावर शिक्का आणि क्रमांक पडला की तो कागद, नाहीतर ती रद्दी. मास्तरांचं टेबल खिडकीशी. मधे सहा कपाटं, एक बंद पडलेला पंखा आणि पाण्याची टाकी. आमचं कार्यालय नोकरभरतीच्या परीक्षांचे पेपर तयार करून देतं. लोकांना वाटतं पेपर काढणं म्हणजे प्रश्न लिहिणं. प्रश्न लिहिणारे बाहेरचे असतात, घरी बसून लिहितात आणि बंद पाकिटातून पाठवतात. आमच्याकडे ते प्रश्न नुसते तपासले जातात, आणि तर्कशक्तीचे प्रश्न तपासायला एकटे मास्तर होते. पूर्वी ते शाळेत गणित शिकवायचे. शाळा बंद पडली आणि ते इथे आले, दर वर्षी नव्याने सही करायच्या करारावर. शाळा गेली, मास्तर हे नाव तेवढं मागे राहिलं.

तर्कशक्तीच्या पेपरात गृहीतकांचे प्रश्न असतात. एक विधान देतात, आणि खाली दोन वाक्यं. त्यातलं कुठलं वाक्य विधान करणाऱ्याने न बोलता धरून ठेवलं आहे ते ओळखायचं. मला पहिल्या वर्षी यातलं ओ की ठो कळत नव्हतं. मास्तरांनी एका दुपारी समजावून सांगितलं.

"दुकानदाराने पाटी लावली, दुपारी दोन ते चार दुकान बंद. त्याने न बोलता काय धरलंय?"

"त्याला झोप येते," मी म्हणाले.

"ते तुम्ही धरलंत. त्याने धरलंय ते हे, की दोन ते चारमध्ये कोणीतरी गिऱ्हाईक येऊ शकतं. आता हे उलटं करून बघा. दुपारी गिऱ्हाईक कधीच येत नाही. मग पाटी कोणासाठी? पाटी पडली. ज्याचं उलटं केल्यावर विधान कोसळतं ते गृहीतक. ज्याचं उलटं करूनही विधान उभं राहतं, ते गृहीतक नाही, ती तुमची झोप."

एवढीच त्यांची विद्या. पण ती ते प्रत्येक प्रश्नावर, एकही न गाळता, वर्षानुवर्षं चालवत. लाल पेन्सिल घेऊन वाक्य मोठ्याने वाचायचे, मग त्याचं उलटं मोठ्याने वाचायचे, आणि मगच खूण करायचे. नवीन आलेल्यांना वाटायचं माणसाचं डोकं फिरलंय. त्यांचा स्वतःचा एक नियम होता आणि तो त्यांनी सगळ्यांच्या गळी उतरवला होता: प्रश्नातला एक शब्द जरी बदलला तरी प्रश्न नवा, पुन्हा पहिल्यापासून उलटा करून बघायचा. या नियमापायी छापखान्याची गाडी खाली उभी आणि मास्तर वर बडबडत बसलेत, असं किती वेळा झालं याला गणती नाही.

सगळ्यात जास्त ते चिडायचे 'सर्व' या शब्दावर. प्रश्न लिहिणाऱ्यांनी त्यात घोळ घातला की पाकीटच परत जायचं. एकदा त्यांनी आम्हा सगळ्यांना उभं केलं आणि शिपायाला विचारलं, "या खोलीतल्या सगळ्यांनी डबा खाल्ला. याचं उलट काय?"

"कोणीच खाल्ला नाही," शिपाई म्हणाला.

"चूक. एकाने खाल्ला नाही, एवढ्याने उलटं होतं. सगळ्यांना उपाशी ठेवायची गरज नाही. एक उपाशी राहिला की 'सगळे' खोटं पडलं." मग आमच्याकडे बघून म्हणाले, "हा एक जो असतो ना, तो दिसत नाही कोणाला. आपण एकदम 'कोणीच नाही'वर उडी मारतो."

मला हे वाक्य पाठ आहे. त्याचा मला आता राग येतो, म्हणूनच पाठ असेल.

घरी त्यांची डाळ शिजत नसे. वहिनी, म्हणजे त्यांची पत्नी, घरीच शिवणकाम करायच्या आणि तोंडाने फटकळ होत्या. मी गेले की माझ्यासमोर त्यांची हजेरी घ्यायच्या. "तुमचे मास्तर मी घरी असणारच हे धरून रोज किल्ली विसरून जातात. हे कुठल्या पेपरात बसतं ते विचारा." मास्तर वर्तमानपत्रात तोंड खुपसायचे. दोघंच होती, मूलबाळ नाही. दोन खोल्या, एका खोलीत शिलाई मशीन आणि कापडाचे गठ्ठे, दुसरीत पलंग आणि मास्तरांची जुनी गणिताची पुस्तकं. वहिनींच्या किडन्या गेल्या तेव्हापासून शिलाई मशीनवर कापड घातलेलं असायचं. आठवड्यातून दोनदा त्यांना इस्पितळातल्या मशीनवर चार-चार तास झोपावं लागायचं. फटकळपणा तेवढा शाबूत होता. "आता मला दोन मशिनं झाली," म्हणायच्या, "एक मी चालवायचे, एक मला चालवतं."

त्या उपचाराचा खर्च कार्यालयाच्या विम्यातून व्हायचा. मास्तरांचा करार असेल तोवर विमा, करार संपला की विमा संपला. हे मास्तरांनी मला कधी सांगितलं नाही. त्यांच्या कराराचा कागद दर वर्षी माझ्याच टेबलावरून जायचा, त्यामुळे मला माहीत होतं.

त्या वर्षीचा पेपर पाणीपुरवठा खात्यातल्या लेखनिकांच्या भरतीचा होता. त्यात गृहीतकाचा एक प्रश्न असा होता. विधान: एका वाचनालयाने सूचना लावली की पुढच्या महिन्यापासून पुस्तक राखून ठेवायचं असेल तर सभासदांनी फोनवरूनच नोंद करावी. पहिलं वाक्य: वाचनालयाच्या बहुतेक सभासदांकडे फोन आहे. दुसरं वाक्य: फोनवरून नोंद केल्याने वाचनालयाचं उत्पन्न वाढेल. उत्तर सोपं होतं. बहुतेकांकडे फोनच नसेल तर सूचना लावण्यात काही राम नाही, म्हणून पहिलं गृहीत आहे. उत्पन्नाचा काही संबंध नाही. उत्तर: फक्त पहिलं.

पेपर छापायला जायच्या दिवशी शेवटचं वाचन चाललं होतं. आदल्या वर्षी 'बहुतेक' या शब्दावरून आम्हाला फार मनस्ताप झाला होता. बहुतेक म्हणजे किती, निम्म्याहून एक जास्त की नव्वद टक्के, असा कीस काढून उमेदवारांनी ढीगभर हरकती घेतल्या होत्या. वाचताना कोणीतरी म्हणालं, "मास्तर, पुन्हा बहुतेक आलं." मास्तरांनी पेन्सिल उचलली, 'बहुतेक' खोडलं आणि वर 'सर्व' लिहिलं. त्या दिवशी वहिनींची मशीनची वेळ होती आणि त्यांना तीन वाजता निघायचं होतं. त्यांनी पान उलटलं आणि पुढचा प्रश्न वाचायला घेतला.

इतरांचा एक स्वल्पविराम हलला तरी पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावणाऱ्या माणसाने स्वतः घातलेला शब्द उलटा करून बघितला नाही. 'सर्व सभासदांकडे फोन आहे' याचं उलटं, एका सभासदाकडे फोन नाही. एकाकडे नसेल तर सूचना कोसळते का? नाही कोसळत. मग ते गृहीतक नाही, आणि उत्तर 'दोन्ही नाहीत' असं व्हायला हवं होतं. पण उत्तरपत्रिकेत 'फक्त पहिलं' तसंच राहिलं. आम्ही सहा जण त्या खोलीत होतो. कोणाच्याच ध्यानात आलं नाही.

परीक्षा झाली. उत्तरं जाहीर झाली. शिकवणीवाल्यांनीही तेच उत्तर छापलं, त्यामुळे ज्यांनी चुकीचं लिहिलं होतं त्यांना ते बरोबर वाटलं, आणि ज्यांनी बरोबर लिहिलं होतं त्यांनी मुकाट्याने मान्य केलं असावं. हरकती घ्यायला दहा दिवस होते, त्याही फक्त संगणकावरच्या फॉर्मवरून. कागदावर आलेली हरकत स्वीकारायची नाही असा मला लेखी आदेश होता.

दहाव्या दिवशी चारच्या सुमाराला ती आली.

चाळिशीला टेकलेली बाई, हाताची बोटं पाण्यात राहून पांढरी पडलेली, कातडीला चिरा गेलेल्या. एका इस्पितळाच्या लॉन्ड्रीत चादरी धुण्याचं, वाळवण्याचं, घड्या घालण्याचं काम करत होती. वहीतून नीट कापून घेतलेला एक कागद तिने माझ्यासमोर ठेवला.

"मॅडम, एका प्रश्नाबद्दल आहे."

"फॉर्मवर भरायचं असतं."

"माझ्याकडे फोन नाही. घरात एकच आहे, तो नवरा गाडीवर घेऊन जातो, तो परवा येईल. नेट कॅफेत गेले होते. तिथला मुलगा म्हणाला, फोनवर नंबर येईल तो सांगा. फोनच नाही तर नंबर कुठे येणार?"

"आज शेवटचा दिवस आहे."

"म्हणून तर आज अर्धी पाळी टाकून आले." तिने कागद दोन बोटांनी पुढे सरकवला. "मॅडम, वयाची अट आहे. या वर्षीच बसते मी त्यात, पुढच्या वर्षी नाही. चौथ्यांदा दिलीय परीक्षा. गेल्या वेळी दोन गुणांनी गेलं. एखादा गुणसुद्धा..." ती थांबली. "तुम्ही नुसतं आत द्या. ज्यांना कळतं त्यांनी बघावं."

मी कागद घेतला. शिक्का मारला नाही. शिक्क्याची पेटी माझ्या उजव्या हाताला उघडी होती, पॅड ओलं होतं. पण आदेश आदेश, आणि माझ्या नोकरीला नसता घोर कशाला, असा विचार करून मी पेटी बंद केली. तिला वाटलं कागद घेतला म्हणजे झालं. दोन्ही हात जोडून ती गेली.

कागदावर अक्षर गोल, शाळकरी होतं. लिहिलं होतं: 'माननीय महोदय, प्रश्न क्रमांक एक्केचाळीसमध्ये पहिले वाक्य गृहीत नाही असे मला वाटते. सर्व सभासदांकडे फोन असण्याची गरज नाही. मी आमच्या भागातल्या वाचनालयाची सभासद आहे. माझ्याकडे फोन नाही. तिथे अशीच सूचना लावली आहे. मी रोज ती बघते. ती तशीच आहे.' खाली सही, लॉन्ड्रीचा पत्ता, परीक्षेचा क्रमांक.

मी तो मास्तरांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी एकदा वाचला. मग ओठ हलवत पुन्हा वाचला. मग पेपरची कार्यालयीन प्रत काढली, एक्केचाळिसावा प्रश्न काढला, आणि आपल्याच लाल अक्षरातल्या 'सर्व' वर बोट ठेवून बसले. त्यांचा चेहरा मला आजही नीट सांगता येत नाही. चोरी पकडली गेल्यावर होतो तसा नव्हता. घरात कोणीतरी पडल्याचा आवाज आला तर होतो तसा होता.

"बरोबर आहे हो," ते म्हणाले. "शंभर टक्के बरोबर आहे ही बाई."

"मग?"

"मग काय. सांगायला हवं."

ते उठून मॅडमच्या केबिनमध्ये गेले. मॅडम म्हणजे आमच्या प्रमुख. दार उघडंच होतं, मला सगळं ऐकू येत होतं. मॅडमच्या एका कानाला फोन होता.

"मॅडम, एक हरकत आहे. हातात दिलेली."

"आवक क्रमांक काय?"

"नाहीये."

"मग ती हरकतच नाही, मास्तर. फॉर्मवर आलेल्या चारशे पडल्यात माझ्यापुढे, त्या आधी बघा ना जरा."

"हो," मास्तर म्हणाले आणि बाहेर आले.

एवढंच. यापुढे एक अक्षर नाही. मी त्यांच्या टेबलापाशी गेले.

"हरकत बरोबर आहे हे बोललात का तुम्ही?"

"त्यांनी विचारलं नाही."

"त्या कशाला विचारतील? चूक कोणाची आहे हे तुम्हाला माहीत, मला माहीत."

ते लाल पेन्सिलीचं टोक बघत बसले. मी म्हणाले, "क्रमांक नाही तर नाही. तुम्हाला स्वतःहून टिपण देता येतं ना, तज्ज्ञ म्हणून? निकाल लागेपर्यंत देता येतं."

"देता येतं."

"मग द्या."

"देतो," ते म्हणाले. "उद्या देतो."

टिपण त्यांनी त्याच संध्याकाळी लिहिलं. मी पाहिलं, चार ओळींचं होतं: प्रश्न अमुक, मी केलेला बदल अमुक, उत्तर चुकलं आहे, दुरुस्त करावं. सही केली. मग ते त्यांनी ड्रॉवरमध्ये ठेवलं. दुसऱ्या दिवशी काढलं, वाचलं, परत ठेवलं. तिसऱ्या दिवशी वहिनींची इस्पितळाची वेळ होती. चौथ्या दिवशी त्यांच्या नव्या कराराचा कागद माझ्या टेबलावर आला, मॅडमच्या सहीसाठी. मी तो आत नेताना ते माझ्याकडे बघत होते.

पाचव्या दिवशी डबा खाताना मी पुन्हा विषय काढला. माझा तोल गेला, कबूल करते. "मास्तर, त्या बाईचं वय निघून चाललंय आणि तुम्ही ड्रॉवरशी खेळताय."

ते शांतपणे म्हणाले, "प्रश्न माझा, शब्द माझा, उत्तर माझं. जाहीर झालेलं उत्तर बदलायचं म्हणजे यादी हलते. कोणी ना कोणी ओरडणार, कोणाचं तरी डोकं मागणार. करार व्हायचाय अजून. करार गेला तर हिला आठवड्यातून दोनदा कुठे नेऊ मी? सांगा. कुठे नेऊ?"

मी डब्याचं झाकण लावलं. मला तेव्हा विचारायला हवं होतं की मॅडम तुम्हाला काढतील हे कशावरून. अकरा वर्षं ज्यांनी आम्हाला हाच एक प्रश्न विचारायला शिकवलं, त्यांना तो विचारायचं मला सुचलं नाही. भीती समोर बसलेली दिसली की माणूस तिला ओळखपत्र मागत नाही. आणि मीही काही धुतल्या तांदळासारखी नव्हते. टिपण गेलं असतं तर कागद कोणी घेतला, शिक्का का नाही, हेही निघालं असतं. त्यामुळे मीही फार जोर लावला नाही. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण खरं तेच आहे.

निकाल आठव्या दिवशी लागला. यादी खाली फाटकाच्या आतल्या फलकावर लावली होती. ती सकाळीच आली असावी. मी दहाला पोचले तेव्हा ती फलकासमोर उभी होती, आणि बोट यादीवर खालून वर नेत होती. वरून खाली नेऊन झालं असणार. तिचा क्रमांक नव्हता. मी वर जाऊन गुणांची फाईल काढली. यादी जिथे संपत होती तिथून एक गुण कमी होता तिला.

मी मास्तरांना सांगितलं. ते उठले, ड्रॉवर उघडला, टिपण काढलं आणि सरळ मॅडमच्या केबिनमध्ये गेले. इतके दिवस जे पाय उचलत नव्हते ते तेव्हा उचलले. मीही मागोमाग गेले. मला ऐकायचं होतं.

मॅडमनी टिपण वाचलं. खालची तारीख वाचली. "हे आठ दिवसांपूर्वीचं आहे."

"हो."

"मग मला आज का देताय?"

मॅडमनी कागद टेबलावर ठेवला. त्या चिडल्या नाहीत, उलट त्यांना काही उमगत नव्हतं असं वाटलं. "मास्तर, दर वर्षी एक-दोन उत्तरं बदलतोच की आपण. गेल्या वर्षी तीन बदलली. बदललं असतं ना. त्यात काय होतं एवढं? आता यादी लागली, आता माझ्या हातात काही नाही." मग त्यांनी बाजूच्या फाईलमधून एक कागद काढून पुढे केला. "आणि हे घ्या, तुमचा करार. परवाच सही केली होती, द्यायचं राहिलं."

मास्तरांनी करार घेतला. मॅडमनी तोवर फोन उचलला होता.

वहिनींचे उपचार चालू राहिले. मास्तर रोज कामाला येत राहिले. चहा पूर्ण की अर्धा, विचारलं तर 'दे काहीही' म्हणू लागले. ते बघून मला आणखीच राग येई. दोन आठवडे त्यांनी असे काढले आणि एका शनिवारी दुपारी माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, "ताई, तुमच्याकडे तिचा पत्ता आहे?"

"तिच्या कागदावर आहे. कागद तुमच्याकडेच आहे."

"मला एकट्याला जायचं धाडस होत नाही."

"जाऊन काय करणार?"

"ती बरोबर होती हे तिला सांगणार. निदान तेवढं तरी तिला कळायला हवं. चूक तिची नव्हती हे कळलं तर माणसाला बरं वाटतं." मग थांबून म्हणाले, "कोर्टात जायचं म्हणाली तर लिहूनही देणार."

मला ते पटलं. दोघंही निघालो.

लॉन्ड्री इस्पितळाच्या मागच्या अंगाला, तळघरात होती. उताराने खाली जावं लागतं. आत तीन मोठी यंत्रं घरघरत होती, जमीन ओली, हवेत वाफ आणि औषधी साबणाचा डोळ्यांना झोंबणारा वास. चाकांच्या गाड्यांवर चादरींचे ढीग. ती एका लांब टेबलापाशी एकटीच चादरींच्या घड्या घालत होती. एवढ्या मोठ्या चादरीची घडी एकटीने घालायची म्हणजे एक टोक हनुवटीखाली धरावं लागतं. तिने मला लगेच ओळखलं.

"तुम्ही कागद घेतला होता माझा."

"हो. हे आमचे मास्तर. ते प्रश्न तपासतात."

तिने हनुवटीखालची चादर सोडली आणि हात पुसले. "बसा म्हणायला इथे काही नाही."

"राहू द्या, तुमचं काम चालू द्या," मी म्हणाले, आणि काहीतरी करायचं म्हणून चादरीची पलीकडची दोन टोकं धरली. ती माझ्याकडे आली, टोकाला टोक लावलं, मागे गेली. तिसऱ्या चादरीला मास्तरांच्या तोंडून शब्द फुटला.

"एक्केचाळिसावा प्रश्न. तुमचं बरोबर होतं. चूक माझी होती, मी एक शब्द बदलला होता. तेच सांगायला आलो."

"बरं," ती म्हणाली.

"तुम्हाला दाद मागायची असेल तर मी लेखी देईन. माझ्या सहीने."

"कोर्टात?" तिने घडी टेबलावर ठेवून तळव्याने दाबली. "रोज पाळी असते, सर. आणि त्या जागेवर आता कोणीतरी आलं असेल ना कामाला?"

"हो. आलंय."

"मग."

एक यंत्र थांबलं. तेवढ्याने आवाज एकदम कमी झाला. तिने पुढची चादर उचलली आणि दोन टोकं माझ्याकडे दिली.

"पण बरं झालं सांगितलंत," ती म्हणाली. "मी घरी तेच म्हणत होते. माझी मुलगी सातवीत आहे, परीक्षेच्या वेळी तीच मला प्रश्न घालायची. निकालाच्या दिवशी फार रडली. मी तिला म्हटलं, अगं, त्यांच्याकडे शेकडो प्रश्न असतात, माणसंच आहेत ती, एखादा नजरेतून सुटतो. लक्षात आलं असतं तर त्यांनी केलं असतं. तर तेच झालं होतं." मग अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुमच्या कधी लक्षात आलं, सर?"

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. आयुष्यात एकदा तरी या माणसाने खोटं बोलावं असं मला त्या क्षणी फार वाटलं. परवा म्हणा. निकालानंतर म्हणा. काहीही म्हणा.

"तुम्ही कागद दिलात त्याच दिवशी," ते म्हणाले.

"म्हणजे निकालाच्या आधी."

"आठ दिवस आधी."

चादर आमच्या दोघींच्या मधे ताणलेली होती. ती पुढे आली नाही. तिने एकदा मास्तरांकडे बघितलं, मग माझ्याकडे. माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. मी मान खाली घातली.

"मग मी मुलीला काय सांगू?" तिने विचारलं.

त्यात टोमणा नव्हता. चादर धरून ती तशीच उभी राहिली, आणि आम्ही दोघं काय सांगतो त्याची वाट बघत राहिली.